रात्रीचा तिसरा प्रहर

लखनौच्या जानेवारीत रात्री तीन वाजता रजई लाथेने दूर सारणारी बाई वेडीच म्हणायची. बाहेर धुकं इतकं, की गल्लीतला दिवा नुसता पिवळा डाग होऊन लोंबत असायचा. मी मात्र घामाने चिंब. मानेतून एक लाट वर चढायची, कानाच्या पाळ्या तापायच्या, छातीत धडधड व्हायची. चारपाच मिनिटांत सगळं ओसरलं की ओल्या गाऊनमध्ये हुडहुडी भरायची. पुन्हा रजई ओढायची. झोप मात्र परत यायची नाही.

अवधच्या संगीताची जुनी कागदपत्रं चाळायला मी पुण्याहून त्या हिवाळ्यात गेले होते. वय एकोणपन्नास. पाळी सलग बारा महिने आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर धरतात. माझा हिशोब सातव्या महिन्यावर होता. कैसरबागेच्या बाजूला एका जुन्या घराच्या वरच्या खोलीत मी राहत होते. खाली घरमालकीण, सत्तरी ओलांडलेली. सगळी गल्ली तिला आपा म्हणायची, म्हणून मीही. माझ्या खोलीतला दिवा रोज तीनला लागतो हे तिने चार दिवसांत टिपलं. पाचव्या रात्री जिन्याखालून आवाज आला, ‘बिटिया, जागी आहेस तर खाली ये. चहा टाकते.’

स्वयंपाकघरात तिने काही विचारलं नाही. आलं ठेचता ठेचता स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, ‘मलाही सहा वर्षं अशीच होती. आमच्यात याला सिन-ए-यास म्हणतात. माझे सासरे हकीम होते, त्यांच्या पुस्तकात होतं.’

यास म्हणजे निराशा, आशा सुटणं. सिन म्हणजे वय. मूळ अरबी शब्द. युनानी वैद्यकाबरोबर तो उर्दूत आला. आपण मराठीत रजोनिवृत्ती म्हणतो, म्हणजे बाई जणू पेन्शनीत निघाली. बोलताना तर ‘पाळी गेली’ एवढंच. सुश्रुतसंहितेत बाराव्या वर्षी सुरू होणारं रज पन्नाशीला संपतं असा साधा हिशोब आहे. युरोपातही या अवस्थेला स्वतंत्र नाव फार उशिरा मिळालं: गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८२१ मध्ये ‘मेनोपॉज’ हा शब्द रूढ केला. निवृत्ती, निराशा, विराम. तिन्ही भाषांनी या वयाकडे काहीतरी संपण्याच्या बाजूने पाहिलं. त्या रात्री चहा पिताना मला वाटलं, मी ज्या शहरात कागद चाळत बसले आहे तिथे या प्रश्नाचा आणि गाण्याचा काही जुना संबंध असला पाहिजे. तो मला सापडला तो पुण्याहून निघताना मी समजत होते त्या ठिकाणी नाही.

निघताना भाचीने माझ्या फोनवर एक यादी भरून दिली होती, ‘झोपेसाठी राग’. अमक्या रागाने रक्तदाब उतरतो, तमक्याने झोप लागते, वगैरे. लाटा उसळायला लागल्या तेव्हा पुण्यातल्या एका डॉक्टरांनीही मला तपासता तपासता घड्याळाकडे बघत हाच उपाय सांगितला होता: छान शांत संगीत ऐका, मन रमवा. मी ऐकलं. दहा रात्री ऐकलं. बासरी चांगली होती. तिसऱ्या रात्रीपासून तिचा राग येऊ लागला, दुसऱ्या अर्थाने.

इतिहास शिकवणाऱ्या बाईची खोड म्हणून मी या यादीचं मूळ शोधत गेले. रागाने झोप आणण्याच्या आपल्या आधुनिक कथांमध्ये सगळ्यात प्रसिद्ध पं. ओंकारनाथ ठाकुरांची. विष्णु दिगंबर पलुसकरांचे हे शिष्य १९३३ मध्ये युरोपात गेले असता निद्रानाशाने त्रासलेल्या मुसोलिनीपुढे पूरिया गायले आणि त्याला झोप लागली, असं सांगितलं जातं. तिकडे जर्मनीतही अशीच कथा आहे. बाखची ‘गोल्डबर्ग’ रचना झोप न येणाऱ्या काउंट कैसरलिंगसाठी झाली, असं बाखचा चरित्रकार फोर्केल याने १८०२ मध्ये लिहिलं. तुर्कस्तानात एदिर्नेला सुलतान दुसऱ्या बायजीदाने १४८८ मध्ये पुरं केलेल्या रुग्णालयात मनाच्या रुग्णांना संगीत ऐकवत. कथा खऱ्या किती, हा भाग वेगळा. हुकूमशहा, सरदार, सुलतानाचं इस्पितळ: झोप उडालेला माणूस मोठा, गाणारा त्याच्या सेवेला, आणि रुग्णाने स्वतः करायचं काही नाही, पडून राहायचं. पन्नाशीची कुठलीच बाई या गोष्टींत नाही.

युनानी वैद्यक या बाबतीत जास्त शहाणं वाटलं. लखनौ हे त्याचं मोठं केंद्र. झवाई टोल्याच्या अजीजी घराण्यातल्या हकीम अब्दुल अजीज यांनी १९०२ मध्ये इथे तकमील-उत-तिब हे विद्यालय काढलं. जगण्याला अटळ अशा सहा गोष्टी हे शास्त्र मानतं: हवा, खाणंपिणं, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जाग, आणि शरीरातून काय बाहेर जातं, काय अडून राहतं. माझ्या तक्रारीतल्या तिन्ही गोष्टी, मन, झोप आणि थांबलेलं रज, या यादीत शेजारीशेजारी बसल्या आहेत. मुख्य म्हणजे मनाला विश्रांतीइतकीच हालचालही लागते हे त्यात गृहीत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती. संगीताने एका स्त्रीचं मन ताळ्यावर आल्याची लखनौतली सगळ्यात भक्कम नोंद बेगम अख्तर यांची आहे, आणि ती गाणं ऐकण्याची नाही.

फैजाबादला ७ ऑक्टोबर १९१४ रोजी जन्मलेली ही मुलगी अख्तरीबाई फैजाबादी म्हणून गाजली. मुंबईच्या बोलपटांत कामं केली. मेहबूबच्या १९४२ च्या ‘रोटी’त ती आहे. १९४५ मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी निकाह झाला आणि अख्तरीबाईची बेगम झाली. अट होती, गाणं बंद. जवळजवळ पाच वर्षं ती गायली नाही. या काळात ती आजारी पडली, मनाने खचली. चरित्रकार लिहितात की अखेर गाण्याकडे परतणं हाच इलाज सुचवला गेला. १९४९ मध्ये आकाशवाणीच्या लखनौ केंद्रावर तिने तीन गझला आणि एक दादरा ध्वनिमुद्रित केला, आणि संपल्यावर ती रडली.

तेव्हा तिचं वय पस्तिशीच्या आसपास होतं, म्हणजे हा रजोनिवृत्तीचा प्रसंग नव्हे. पुढच्या पंधरा वर्षांत तिच्या देहात कधी काय झालं याचे अंदाज बांधण्याचा मला हक्क नाही. पण आजार आणि इलाज यांची मांडणी बघा. ‘मन रमवायला काहीतरी ऐका’ असं तिला सांगून भागलं नसतं. ऐकायला घरात ग्रामोफोन होताच की असेल. तिची जी गोष्ट काढून घेतली होती ती परत देणं हाच इलाज होता. माझ्या डॉक्टरांच्या सल्ल्यात आणि या इलाजात शब्द एकच आहे, संगीत, आणि त्याखेरीज सारखं काही नाही.

या इलाजालाही पथ्य होतं. लखनौ शहरात जाहीर मैफल करायची नाही, हा दंडक घरात पुढेही राहिला. रेडिओवर गाता येत होतं, कलकत्त्याला, मुंबईला गाता येत होतं, सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’मध्ये १९५८ साली दिसता येत होतं. स्वतःच्या गावात मात्र नाही. अपवाद म्हणून १९६२ चा कार्यक्रम सांगतात. चीनच्या युद्धासाठी निधी गोळा करायला ती लखनौत गायली, आणि श्रोत्यांत फक्त स्त्रिया होत्या. ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

या कार्यक्रमावर मी अडखळून राहिले. दिवाणखान्यातून, परदानशीन घरांतून, नव्या सरकारी वसाहतींतून त्या बायका आल्या असतील. बऱ्याच जणी तिच्याच वयाच्या असणार. रिकाम्या दुपारी असणाऱ्या, मुलं मोठी झालेल्या. समोर गाणारी बाई आवाज चढवता चढवता मध्येच किंचित फाटू देत होती. तिच्या आवाजाची ती खूणच होती, जाणकार त्या जागेची वाट बघत बसत. रजोनिवृत्तीत बायकांचा आवाज खाली उतरतो, स्वरतंतू जाड होतात, कोरडे पडतात, वरचे स्वर दगा देतात. गायिकांना या वयाची धास्ती असते ती याचीच. आणि इथे एक आवाज, ज्याच्या फाटण्यालाच लोक दाद देत होते. त्या सभागृहातल्या बायका घरी जाऊन शांत झोपल्या, असा पुरावा कुठे मिळणार? मला तो नकोही आहे. त्या दुपारी किंवा संध्याकाळी त्यांना एकत्र बसून रडता आलं असेल, तर तेवढं पुरे.

इथे मराठी माणसाने जरा खाली मान घालावी असा भाग येतो. लखनौच्या संगीताचं आधुनिक दार मराठी हातांनी उभारलं. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांच्या अखिल भारतीय संगीत परिषदांपैकी दोन, १९२४ आणि १९२५ च्या, इथे भरल्या आणि १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज निघालं. श्रीकृष्ण रातंजनकर दीर्घकाळ त्याचे प्राचार्य होते. भातखंड्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ चार भागांत १९१० ते १९३२ या काळात आली ती मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादातून. रागांच्या वेळांची घडी त्यांनी त्यात बसवली. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी मालकंस, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. (मी त्या प्रहरी जागी राहून एक गोष्ट शिकले: ही घडी उजाडेपर्यंत चालणाऱ्या मैफलीत हौसेने जागणाऱ्यांसाठी आहे. ज्याला झोपायचंय आणि झोप येत नाही त्याचा विचार तिच्यात नाही.) हे काम प्रचंड आहे, आणि माझं निम्मं आयुष्य त्यावर पोसलंय. पण गाणं शाळेत नेऊन सभ्य करण्याच्या त्या खटाटोपात ते ज्या बायकांच्या गळ्यात पिढ्यान्पिढ्या होतं त्या बाहेर राहिल्या. पुढे सरदार पटेल माहिती आणि नभोवाणी खातं पाहत असताना, ज्यांच्या खाजगी आयुष्याचा बभ्रा आहे अशा गायिकांना रेडिओचं दार बंद झालं. १९५२ ते १९६२ खातं सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर पुण्याचे, आणि त्यांच्या काळातल्या कलावंतांच्या चाचणी मंडळाचे प्रमुख रातंजनकरच.

अख्तरीबाईला त्या दारातून आत जाता आलं ते बेगम झाल्यामुळे. ज्या लग्नाने तिचा गळा बंद केला त्यानेच तिला मायक्रोफोनच्या लायक ठरवलं. पुढे ती भातखंड्यांच्या त्याच महाविद्यालयात शिकवायलाही गेली. महाविद्यालय भरतं ती इमारत कैसरबागेतला परीखाना, वाजिद अली शाहने नाचगाणं शिकणाऱ्या मुलींसाठी ठेवलेली. परीखान्यात पुन्हा एक गाणारी बाई शिकवायला बसली, एवढाच त्या वर्तुळाचा हिशोब. १९५० च्या दशकात तिने शांती हिरानंद यांच्यासारख्या शिष्यांना रीतसर गंडाही बांधला. गंडा बांधण्याचा मान तोवर बहुतेक उस्तादांचा होता. पन्नाशीच्या आसपास ज्या वयात ‘यास’ यायची, ते वय येण्याआधीच ती गुरू झाली होती.

आपाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली आणि भलतंच काहीतरी आठवून म्हणाली, ‘माझी आई जातं ओढायची तेव्हा गायची. गावाकडे. जँतसार.’ अवधी खेड्यांतली दळणाची गाणी. मी चमकले. माझी आजी वाईजवळच्या खेड्यात राहायची. गावात पिठाची गिरणी आल्यावरही ती पहाटे, म्हणजे खरं तर अपरात्रीच, उठून पायलीभर जोंधळे जात्यावर घ्यायची. गिरणीच्या पिठाला चव नसते म्हणायची. घरातले म्हणायचे, म्हातारीला झोप नाही, दुसऱ्यांनाही झोपू देत नाही. तेव्हा ती म्हातारी नव्हती. हिशोब केला, तर बावन्न-त्रेपन्नाची होती.

त्या दळणाचा आणि तिच्या वयाचा संबंध मी लावतेय, हे मला कळतं; तिने तो कधी लावला नव्हता. पण जात्याचं गाणं म्हणजे नेमकं काय होतं, ते बघण्यासारखं आहे. खुंट्याला धरून दोन्ही हातांनी ओढण्याची एकसुरी लय, त्या लयीला बांधलेला श्वास, समोर असली तर दुसरी बाई, आणि तोंडात जे येईल ते: माहेर, भाऊ, विठ्ठल, नवऱ्याचा राग, मेलेलं मूल. ऐकायला कोणी नाही, म्हणून सगळं म्हणता येतं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्यांत शांत झोप लागावी म्हणून रचलेली एकही नसेल. पण पहाटे तीनला उठून बसलेल्या बाईला हातांना आणि गळ्याला करायला काय आहे, याचं उत्तर त्या लाखभर ओव्यांत आहे. गिरणीने कष्ट वाचवले, ते वाचायलाच हवे होते. जातं परत आणा असं म्हणणारी मी नाही. दळणाबरोबर रात्रीचं ते गाणंही गेलं, आणि त्याची भरपाई कुणी मागितली नाही.

वैद्यकाचं आजचं म्हणणं काय, तेही सांगायला हवं, नाहीतर माझी भाचीच मला हसेल. इस्ट्रोजेन उतरलं की मेंदूतलं तापमानाचं नियंत्रण हळवं होतं. अंगाची उष्णता जराशी वाढली तरी शरीर घाम सोडून मोकळं होतं, आणि जाग येते. संगीत ऐकून ही लाट थांबत नाही. झोपेबद्दल मात्र काही हाती आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये १३ अभ्यासांतल्या एक हजारावर प्रौढांची माहिती तपासली. निद्रानाश असलेल्यांनी रोज संगीत ऐकल्यावर आपली झोप सुधारल्याचं सांगितलं. तुर्कस्तानातल्या एका छोट्या अभ्यासात, पन्नासहून कमी स्त्रियांमध्ये, सहा आठवडे संगीत ऐकणाऱ्यांची उदासी आणि तक्रारी कमी झाल्या. म्हणजे भाचीची यादी अगदीच टाकाऊ नाही. फक्त ती औषधांच्या जागी बसत नाही. संप्रेरकांच्या उपचारांबद्दल २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानंतर जी भीती पसरली ती साठीच्या आतल्या, रजोनिवृत्तीला फार वर्षं न झालेल्या बऱ्याच स्त्रियांच्या बाबतीत अवाजवी होती असं आता तज्ज्ञ मानतात. कोणाला चालतं, कोणाला नाही, हे घड्याळाकडे न बघणाऱ्या डॉक्टरला विचारावं.

लखनौत असताना एकदा मी गोमतीकाठच्या छत्तर मंझिलवरून गेले. नवाबांच्या बेगमांचा हा महाल. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये त्यातच केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली आणि कितीतरी दशकं तिथे राहिली. इस्ट्रोजेनच्या ग्राहींवर काम करणारी, स्टेरॉइड नसलेली गर्भनिरोधक गोळी याच संस्थेने शोधली. १९९१ पासून ती ‘सहेली’ नावाने मिळू लागली. मोठंच काम. बेगमांच्या महालात स्त्रियांच्या संप्रेरकांवर शास्त्रज्ञ राबत होते, ही गोष्ट मला फार आवडली. पण देशाला त्या संप्रेरकांची एवढी निकड होती ती मुलं होऊ नयेत म्हणून. मुलं होण्याचं वय संपलेल्या बाईला सहेली नको का, असं फाटकापाशी उभी राहून मनात आलं. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

परतायच्या आदल्या दिवशी ठाकुरगंजला पसंदबागेत गेले. बेगम अख्तर ३० ऑक्टोबर १९७४ रोजी अहमदाबादला वारली. वय साठ, कार्यक्रमांच्या दौऱ्यात. इथे ती आईशेजारी आहे, मुश्तरीबाईशेजारी. घरांच्या दाटीत लाल विटांची एक भिंत, आत संगमरवरी दोन कबरी. शेजारच्या गच्चीवर कोणी रजया वाळत घातल्या होत्या. ऊन फार थोडं होतं.

त्या रात्री तीनला लाट आलीच. खाली उतरले तेव्हा आपा आधीच चुलीपाशी होती. तिने विचारलं, तुझी आजी काय गायची? मला शब्द अर्धेच आठवत होते. चाल आठवत होती. गळा बसलेला, थंडीने की वयाने कोण जाणे. मी गुणगुणायला लागले तशी तिने आल्याचा खलबत्ता जरा हळू केला, मग चालीच्या ठेक्यात आला तो. दुसऱ्या ओळीवर माझा आवाज फाटला. ‘बस, वहीं,’ ती म्हणाली, ‘तिथूनच पुन्हा घे.’